फासा टाकला कुणी?

चार जणांनी पाच-पाच रुपये लावायचे. जिंकेल त्याला सतरा, उरलेले तीन ॲपवाल्याच्या खिशात. २०२१ मध्ये पैसे लावून खेळायच्या एका लुडो ॲपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली, तिच्यात हा हिशेब मांडला होता. लुडो हा नशिबाचा खेळ, म्हणजे हा जुगारच, तेव्हा १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवा, असं याचिकाकर्त्याचं म्हणणं होतं. त्याआधी गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी नेमकं उलट सांगितलं होतं: लुडो हा कौशल्याचा खेळ आहे.

बातमी वाचली तेव्हा मला गंमत वाटली ती त्या तीन रुपयांची. चौघेही सारख्याच तोलाचे खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या पाच रुपयांतले सरासरी पंचाहत्तर पैसे दर डावाला जाणार. शंभर डाव खेळा, पाचशे लावा, पंचाहत्तर गेले. कौशल्य असो की नशीब, तीन रुपये ठरलेले. त्या पाचांत एकच माणूस असा, जो खेळत नाही आणि हरत नाही. आणि वाद चाललाय तो उरलेल्या चौघांच्या अकलेबद्दल.

या वादाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसांच्या स्पर्धांबद्दल निकाल देताना कौशल्य आणि जुगार यांच्यात रेघ ओढली. १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण कुठली पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं आणि कुठलं पान धरायचं, कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षं प्रत्येक नव्या खेळाचे वकील त्याच रेघेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं यावर भांडत आले. लुडोही त्याच रांगेत आला.

त्यातला विनोद असा, की लुडोतलं कौशल्य आधीच काढून घेतलेलं आहे. आपला मूळ खेळ सारीपाट. अधिक चिन्हाच्या आकाराचं कापड, प्रत्येक पट्टीवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, चार रंगांच्या सोळा सोंगट्या, आणि तीन लांबट फासे. कवड्या टाकून खेळला की पचिशी. पंचवीस हे त्यातलं मोठं दान, त्यावरून नाव. फाशाच्या चार बाजूंवर एक, दोन, पाच, सहा. तीन फाशांची तीन दानं वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटून देता येतात, म्हणजे एकाच फेकीत तीन निर्णय. समोरासमोरचे दोघे भिडू, त्यामुळे आपली सोंगटी पुढे काढायची की भिडूची वाट मोकळी करायची हा वेगळा विचार. दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्यांचं जुग. ते फोडायचं की जोडीनेच चालवायचं, यावर घरोघरी भांडणं झालेली आहेत. ‘पोबारा’ हा शब्द आपण पळून जाण्यासाठी वापरतो तो मुळात या खेळातला: सहा, सहा आणि एक, म्हणजे पौ आणि बारा. असं दान पडलं की सोंगटी सुसाट.

हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे १८९६ साली त्याचं लुडो म्हणून पेटंट निघालं तेव्हा भिडू गेले, तीन फाशांचा एक ठोकळा झाला, पट सोपा झाला. मुलांना खेळता यावा म्हणून केलेला हा बदल वाईट नव्हता. पण निर्णय उरला तो एवढाच: पडलेला आकडा चारांपैकी कुठल्या सोंगटीला द्यायचा. सुरुवातीला तर तेवढाही नाही, कारण सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेरच येत नाही. मग सव्वाशे वर्षांनी या सोलून काढलेल्या खेळात कौशल्य किती, याची चर्चा आपण आपल्याच खेळाच्या देशात, न्यायालयात करत होतो. सारीपाटाबद्दल कुणी विचारलं असतं तर मी कौशल्याच्या बाजूने तावातावाने बोललो असतो. लुडोबद्दल हात आखडता घेतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ही रेघच पुसून टाकली. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींची भेळ असो, तो चालवायला बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, त्याचं काय व्हायचं ते होवो. कौशल्य की नशीब हा घोळ बाजूला ठेवला हे मला योग्यच वाटतं. पाच रुपये लावणाऱ्या पोराला आपण कुशल आहोत असं सांगणं, हाच त्या धंद्याचा अर्धा माल होता.

पण या कायद्याचा सगळा भर पैशावर आहे. पैसे नसतील तर खेळ ‘सामाजिक’, आणि मग सोंगटी हलवणारा आकडा कुठून आला हा कुणाचाच विषय नाही. माझं भांडण इथून सुरू होतं.

ते सुरू करून दिलं माझ्या मावशीने. वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी माजघरात सारीपाट खेळलेली, हातात फासे घोळवून जमिनीवर सोडायची तिची एक खास लकब होती म्हणतात; मी पाहिली तेव्हा बोटं आखडली होती, तरी मनगटाचा झटका तोच होता. तिच्या मुलाने तिला टॅबलेटवर लुडो घालून दिला. तो दुसऱ्या शहरातून खेळणार, ती इथून. पहिल्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. तिने पडद्यावरच्या फाशावर बोट ठेवलं, तो गरगर फिरला, दोन पडले. तिने बोट उचलून बघितलं, जणू बोटाला काही लागलंय. मग मला विचारलं, “हा मी टाकला की त्याने?”

मी म्हटलं, “तूच टाकलास, मावशी.”

“मी कुठे टाकला? मी नुसतं सांगितलं, टाक म्हणून. टाकला कुणीतरी दुसऱ्याने.”

तांत्रिकदृष्ट्या ती शंभर टक्के बरोबर होती, आणि तिने एका वाक्यात जे सांगितलं ते त्या सगळ्या खटल्यांच्या कागदपत्रांत मला सापडलं नाही. पडद्यावरचा फासा हे एक चित्र आहे. तो फिरायला लागतो तेव्हा आकडा बहुधा ठरलेला असतो. फिरणं ही नुसती सजावट. तो आकडा एखाद्या सूत्रातून निघतो, आणि ऑनलाइन खेळात तो बहुतेक वेळा तुमच्या फोनमध्येसुद्धा निघत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर निघतो. तुमचं बोट म्हणजे अर्ज. मंजुरी तिकडून.

महाभारतातल्या द्यूताबद्दल आपल्याला काय आठवतं? शकुनीचे फासे. ते त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही गोष्ट मूळ ग्रंथात नाही, ती मागाहून लोकांनी रचली. पण लोकांनी ती का रचली हे समजण्यासारखं आहे. फाशावर संशय घ्यायला काहीतरी वस्तू हवी असते. सभापर्वात युधिष्ठिर मात्र फाशाच्या हाडावर बोट ठेवत नाही. दुर्योधन म्हणतो, पणाचं धन माझं, पण खेळेल शकुनी. त्यावर युधिष्ठिर म्हणतो की एकासाठी दुसऱ्याने खेळणं मला विषम वाटतं. पण एकाचा, फेक दुसऱ्याची. हरकत नेमकी होती, नोंदवली गेली, आणि मग तोच म्हणाला, बरं, चालू द्या. पुढचं सगळं त्या ‘चालू द्या’मधून आलं.

आपण ॲप उघडताना अटींच्या खाली जो ‘मान्य आहे’ दाबतो, तो याहून वेगळा आहे असं मला वाटत नाही.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही रडीचा डाव खेळलो असं होईल. ‘ॲप फसवतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा खोटी असते. खोटी म्हणजे मुद्दाम केलेली नव्हे. आपल्या डोक्याला यादृच्छिकता, म्हणजे निव्वळ योगायोगाची चाल, कळत नाही म्हणून केलेली. एक साधा हिशेब. लुडोत पहिल्या दहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता एका खेळाडूपुरती सुमारे १६ टक्के. फार नाही वाटत. पण पटावर चौघं आहेत. चौघांपैकी निदान एकजण तरी दहा फेकी कोरडा बसण्याची शक्यता काढली तर ती ५० टक्क्यांच्या जरा वर जाते. म्हणजे साधारण दर दुसऱ्या डावाला कुणीतरी एकजण तोंड पाडून बसलेला असतो, आणि त्याला मनापासून वाटत असतं की आपल्याविरुद्ध कट आहे. फासा पूर्ण सरळ असताना हे घडतं. शिवाय आपल्याला हवा असलेला सहा आला नाही हे लक्षात राहतं. नको असताना आलेला सहा विसरतो.

बॅकगॅमन हा फाशांचा दुसरा जुना खेळ. त्याची संगणकीय आवृत्ती खेळणारे लोक हीच तक्रार कित्येक वर्षं करत आले आहेत. त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. १९७९ मध्ये माँटे कार्लोला हान्स बर्लिनर या संगणकशास्त्रज्ञाच्या कार्यक्रमाने (प्रोग्रॅमने) तेव्हाचा जगज्जेता लुईजी व्हिला याला ७-१ असं हरवलं. पटावरच्या कुठल्याही खेळात यंत्राने जगज्जेत्याला हरवण्याची ती पहिली वेळ. आणि बर्लिनरने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की यंत्राला दानं चांगली पडली, व्हिला त्याच्यापेक्षा चांगला खेळला. पुढे १९९० च्या दशकात आयबीएममधल्या जेराल्ड टेसारो यांचा कार्यक्रम स्वतःशीच लाखो डाव खेळून खरोखर अव्वल खेळाडूंच्या तोडीचा झाला. तेव्हा नशिबाचा आधार लागला नाही. पण पहिला विजय फाशाचा होता, आणि तो मान्य करणारा माणूस होता.

ग्नू बॅकगॅमन या फुकट मिळणाऱ्या, उघड्या कोडच्या कार्यक्रमावरही ‘फासे फिरवतो’ असा आरोप झाला. त्यांचं उत्तर मला या सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटतं. त्यांनी सांगितलं: आमचं कोड हे घ्या, वाचा. यादृच्छिक आकडे काढायच्या पाच-सहा पद्धती ठेवल्या आहेत, हवी ती निवडा. एवढं करूनही विश्वास नसेल तर कार्यक्रमाला फासे टाकूच देऊ नका. तुमच्या टेबलावर खरे फासे टाका आणि पडलेला आकडा हाताने भरा. संशय घेणाऱ्याला वेड्यात न काढता त्याच्या हातात फासा परत दिला.

आपल्या फोनवरच्या लुडोत ही सोय तुम्ही पाहिली आहे का? मी तरी नाही.

मी स्वतः एक मूर्खपणा करून बघितला. मावशीच्या प्रश्नाने डोक्यात घर केलं होतं, म्हणून वही घेऊन एका ॲपवरची सहाशे दानं उतरवली. उभ्या रेघा, पाचवी आडवी, दुकानदार पोती मोजतात तशी. सहाशे फेकींत सहा साधारण शंभर वेळा यायला हवा, आणि ब्याऐंशी ते एकशेअठरा यांमध्ये कुठेही आला तरी तक्रारीला जागा नाही. माझा आकडा त्यात आरामात बसला. वही मिटताना बरं वाटलं, आणि चहा पिताना लक्षात आलं की यातून काहीच सिद्ध झालेलं नाही. फसवायचंच असेल तर शंभर सहा शंभरच ठेवायचे, फक्त कधी द्यायचे ते आपण ठरवायचं. सोंगटी घरात असताना सहा नको, घराच्या तोंडाशी असताना, जिथे तो वाया जातो तिथे, भरपूर. बेरीज चोख, डाव गेला. एकेकट्या खेळाडूच्या वहीतून हे पकडणं जवळजवळ अशक्य आहे. पकडायला लाखो डावांची नोंद लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे तोच फासा टाकणारा.

कंपन्या असं करतात असा माझा आरोप नाही. पण त्यांना तसं करायचा मोह का व्हावा, हे समजायला फार बुद्धी लागत नाही. फुकट खेळ फुकट नसतो. जाहिराती दाखवून, नाणी विकून, आणि तुम्हाला ‘अजून एक डाव’ म्हणून बसवून ठेवून तो चालतो. सलग पाच डाव हरलेला माणूस ॲप काढून टाकतो, सलग पाच जिंकलेला कंटाळतो. मधे कुठेतरी एक गोड जागा असते आणि ती शोधण्यासाठी पगारी माणसं असतात. २०१७ मध्ये एका मोठ्या अमेरिकन गेम-कंपनीला एक पेटंट मिळालं: खेळाडूंनी खेळात पैसे खर्च करावेत यासाठी त्यांना कुणाशी भिडवायचं हे ठरवण्याची पद्धत. आम्ही ती कुठल्याच खेळात वापरलेली नाही, असं कंपनीने सांगितलं. तेही खरं धरू. पण पेटंट घेण्याइतका विचार तर झाला होता. जो भिडू निवडायचा विचार करतो त्याला दान निवडायचा विचार सुचत नसेल, असं मानायला मी तयार नाही.

आणि खरं सांगायचं तर दान थोडं निवडलेलं असायला माझी हरकतही नाही. टेट्रिसच्या नव्या आवृत्त्यांत सात आकारांचे तुकडे पिशवीतून काढल्यासारखे येतात: सातही एकेकदा येऊन गेल्याशिवाय पिशवी पुन्हा भरत नाही. ही शुद्ध यादृच्छिकता नव्हे, आणि कुणी ओरडत नाही, कारण नियम सगळ्यांना ठाऊक आहे. लुडोतही पोरं रडू नयेत म्हणून ‘दहाव्या फेकीला सहा नक्की’ असा नियम कुणी केला तर मी तो आनंदाने खेळेन. फक्त तो नियमांच्या पानावर हवा, आणि माझ्यासाठी जो तोच समोरच्यासाठी हवा.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: अहो, खेळच तो, त्यात पैसे नाहीत, एवढं काय मनावर घेता? ज्यांना असं वाटतं त्यांनी कधी हरलेल्या माणसाशेजारी बसून बघावं. फाशाच्या खेळाची सगळी इज्जत एका गोष्टीवर उभी आहे: हरलो तर दानाने हरलो. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत. आपला जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरला आणि पण म्हणून बारा वर्षं घराबाहेर राहिला, बाणूच्या बापाची मेंढरं राखली. (मुद्दाम हरला की काय, हे म्हाळसेच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही.) देवसुद्धा ज्याच्यापुढे हात टेकतात अशी गोष्ट म्हणून आपण फाशाकडे बघत आलो. नशिबापुढे हरणं माणूस सोसतो, किंबहुना त्यात एक सुटका असते. अकलेने हरलो नाही, ही. कुणाच्या तरी हिशेबापुढे हरलो अशी पुसट शंका आली तरी ती सुटका गेली. मग पैसे नसले तरी चोरी झालीच.

माजघरातला फासा साधूसंतांचा होता असं मी म्हणत नाही. शिसं भरलेले फासे होते, नखाने दान फिरवणारे बहाद्दर होते, फासा कॉटखाली गेला की ‘सहाच होता’ म्हणणारे तर प्रत्येक घरात होते. पण तिथे संशयाला उपाय होता. ‘पुन्हा टाक’ म्हणता यायचं, ‘फासे बदल’ म्हणता यायचं, फासा उचलून दिव्यापुढे धरता यायचा. चार डोळे त्या फाशावर असायचे. यंत्राने फसवणूक आणली असं माझं म्हणणं नाही. त्याने साक्षीदार काढून घेतले. आणि नुसतं कॉम्प्युटरशी खेळायचं असेल तर परिस्थिती आणखी मजेदार: समोर खेळतो तो कार्यक्रम, दान टाकतो तोही कार्यक्रम. फलंदाज आणि पंच एकच.

उपाय अवघड नाही. गणितज्ञांनी तो केव्हाच शोधून ठेवला आहे, आणि आभासी चलनावर चालणारे परदेशी जुगारी अड्डेसुद्धा तो वापरतात. म्हणजे तिथे फसवणूक होत नाही असं नव्हे, पण फाशापुरती सोय आहे. डाव सुरू व्हायच्या आधी सर्व्हरने एक गुप्त आकडा निवडायचा आणि तो सीलबंद पाकिटात घालायचा. पाकीट म्हणजे त्या आकड्याचा ‘हॅश’. हा बोटाच्या ठशासारखा असतो: ठशावरून माणूस बनवता येत नाही, पण माणूस समोर आला की ठसा त्याचाच का ते पडताळता येतं. हा ठसा चारही खेळाडूंना आधीच मिळणार. मग प्रत्येकाच्या फोनने आपला एकेक आकडा त्यात टाकायचा, तोही आधी असाच बंद करून. या पाचांच्या मिश्रणातून डावाची सगळी दानं ठरलेल्या, जाहीर सूत्राने निघणार. डाव संपला की पाकीट फोडायचं. ज्याला शंका असेल त्याने ठसा जुळवून बघावा, दानं पुन्हा काढून बघावीत. मावशी हे करणार नाही. पण तिचा नातू करू शकेल, एखादा रिकामटेकडा विद्यार्थी करेल, आणि कुणीतरी करू शकतं एवढ्या भीतीनेच फासा सरळ राहील.

यात एक भोक आहे. चौघांपैकी तिघे कंपनीचेच बॉट, म्हणजे माणसासारखे खेळणारे कार्यक्रम, असतील, तर पाकीट फोडून फारसा उपयोग नाही; दानं सरळ असली तरी पुढची दानं सर्व्हरला आधीच ठाऊक, आणि तो ती बॉटना सांगू शकतो. म्हणून दुसरी मागणी: समोर माणूस आहे की बॉट, हे नावापुढे लिहा. खोटं नाव, खोटा फोटो आणि तीन सेकंद ‘विचार’ करून खेळणारा बॉट ही माझ्या मते फाशापेक्षाही मोठी लबाडी आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

सरकारने यात कशाला पडायचं, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, की सरकार पडलेलंच आहे. किराणा दुकानातल्या तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. २००९ चा कायदा आहे. दुकानदार चोर आहे म्हणून नव्हे, गिऱ्हाईकाला तराजूच्या पोटात डोकावता येत नाही म्हणून. १९९८ चा लॉटरीचा कायदा सांगतो की सोडत राज्य सरकारने स्वतः काढायची. छपाईवाल्याने नाही, वितरकाने नाही. म्हणजे चिठ्ठी कुणी काढायची हा प्रश्न आपल्या कायद्याला कळतो. कागदाच्या चिठ्ठीबाबत कळतो आणि पडद्यावरच्या ठोकळ्याबाबत कळत नाही, एवढंच. छोट्या ॲपवाल्यांना हे झेपणार नाही ही तक्रारही मला पटत नाही. वर सांगितलेल्या पाकिटाला पानभर कोड पुरतं. तेही जड वाटत असेल तर ग्नू बॅकगॅमनसारखा एक रिकामा चौकोन ठेवा, ज्यात खेळणाऱ्याने आपलं दान आपण भरावं. घरात चार माणसं एका फोनभोवती बसून खेळतात तेव्हा तर याहून सोपं काही नाही.

मावशीने मात्र संसदेची वाट पाहिली नाही. माळ्यावरचा ट्रंक उघडायला लावला. पट सापडला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. सोंगट्या पंधरा, सोळाव्या जागी आता सुपारी आहे. फासे तीनही शाबूत निघाले. दर रविवारी संध्याकाळी ती इथे पट मांडते आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावते. त्याचीही दानं तीच टाकते, त्याच्या सोंगट्या मी हलवतो. दोन-अडीच तास जातात. गेल्या रविवारी तिला पोबारा पडला आणि पलीकडून लगेच आवाज आला, “आई, कॅमेरा खाली घे. फासे दिसले नाहीत मला.”

“पुन्हा टाकणार नाही,” मावशी म्हणाली, आणि टॅबलेट उचलून फाशांवर धरला.